शंभर रुपयांचा कॅमेरा आणि सेवाग्रामचं ऊन

मागच्या वेळी आपण सेवाग्रामच्या कुट्या कशा उभ्या राहिल्या ते पाहिलं. आज त्या कुट्यांचे फोटो ज्यानं काढले, त्या माणसाबद्दल बोलू.

आधी एक घोळ मिटवतो, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच. जुहूच्या किनाऱ्यावर गांधीजींच्या काठीचं टोक धरून पुढे चालणारा लहान मुलगा, तो १९३७ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. तो मुलगा कनू गांधी, रामदास गांधींचा मुलगा, म्हणजे बापूंचा सख्खा नातू. आपले कनू गांधी वेगळे. हे नारणदास गांधींचे चिरंजीव, जन्म १९१७. नारणदास हे गांधीजींचे चुलत पुतणे. नाव एक, माणसं दोन. त्यामुळे छापील मजकुरातसुद्धा गफलत होते.

या कनूंना डॉक्टर व्हायचं होतं. आईवडिलांच्या इच्छेमुळे ते सेवाग्रामला आले आणि हिशेब, पत्रव्यवहार अशी कारकुनी कामं त्यांच्याकडे आली. फोटोग्राफी ते कुठे शिकले नव्हते. विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी सुचवलं, की आश्रमातलं रोजचं जगणं टिपून ठेव. बापूंनी आधी नकार दिला. कारण साधं होतं: कॅमेऱ्यासाठी आश्रमाकडे पैसे नाहीत. मग घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. बापूंनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि खर्च आश्रम करणार नाही.

या अटी शिस्तीच्या म्हणून सांगितल्या जातात. मला वाटतं, त्यांनी फोटोचा स्वभावच ठरवला.

असं बघा. रोलीफ्लेक्स डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरच्या काचेत बघायचं. काचेत चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. एका रोलवर फक्त बारा फोटो, आणि रोलचे पैसे कुणीतरी द्यायचे. म्हणजे उगाच खटाखट दाबता येत नाही. आणि फ्लॅश नाही, म्हटल्यावर उजेड कुठून आणणार? वर्ध्याच्या आभाळातून! कुडाच्या, शेणामातीनं सारवलेल्या भिंती, वर कवेलू, आत उजेड बेताचा. त्या काळच्या फिल्मला तर भरपूर उजेड लागायचा. पावसाळ्यात झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. अशा दिवशी कुटीत फोटो काढायचा म्हणजे काहीतरी हलणार, धूसर होणार. कनूंच्या कितीतरी फोटोंत तसं झालंय. काही जण त्याला कच्चेपणा म्हणतात. थोडा असेलही. पण १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्याला आल्या, त्यांना तीन फ्लॅश बल्बांची सवलत मिळाली आणि चरख्याजवळचा तो जगप्रसिद्ध फोटो निघाला. कनूंना दहा वर्षांत तीही सवलत नव्हती.

आता उन्हाळा. १९४० मधला एक फोटो आहे. बापू कुटीबाहेर आलेत आणि डोक्यावर चक्क उशी घेतलीय, उन्हासाठी. हसू येतं. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेलेलं वर्धा ज्यानं सोसलंय, त्याला त्या उशीचं नवल वाटणार नाही. सेवाग्रामच्या उन्हाबद्दल लिहिलेलं पुष्कळ आहे, मला मात्र हा एक फोटो जास्त सांगतो. पोझ घ्यायला लावली असती, तर आधी उशी खाली ठेवली गेली असती.

दुसरा फोटो परचुरे शास्त्रींचा. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले ओळखीचे, कुष्ठरोगानं ग्रासलेले. ते आश्रमात आले, त्यांच्यासाठी कुटी झाली, आणि बापू स्वतः त्यांची शुश्रूषा करत. कनूंनी ती टिपली. शास्त्री पुढे मनोहर दिवाणांच्या दत्तपूरच्या संस्थेत गेले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले. त्या फोटोत सगळ्यांची नजर बापूंच्या हातांकडे जाते. शास्त्रींची ओळख किती जणांना असते?

हाच माझा खरा मुद्दा. गांधीजी ३० एप्रिल १९३६ ला आले, तेव्हा ते शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० चं. गाव आधीपासून होतं, त्यात दलितांची वस्ती मोठी होती. शेतात राबणारी, पाणी आणणारी, आश्रमाच्या वाटेवर उभी राहिलेली माणसं अशा चित्रांच्या कडेला असतात. खाली नाव मात्र बापूंचं. यात कनूंचा दोष काढायचा नाही, ते ज्यासाठी नेमले होते ते त्यांनी केलं. पण खेड्याचा इतिहास म्हणून हे फोटो वाचायचे असतील, तर नजर मधून काढून कडेला न्यावी लागते.

काही ठिकाणी कॅमेरा थांबलाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा बापूंच्या मांडीवर अखेरचा श्वास घेत होत्या. बापूंनी कनूंना फोटो काढू दिला नाही. आणि ३० जानेवारी १९४८ ला कनू दिल्लीत नव्हतेच, नोआखालीत होते. बापूंना आधार देत चालणारी आभा ही कनूंची पत्नी. ती तिथे होती, कॅमेरा नव्हता.

पुढे दोघं राजकोटकडे गेले. कनू १९८६ मध्ये वारले. त्यांचं काम बरीच वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही. जर्मनीच्या पीटर रूहे यांनी ते गोळा करून लोकांपुढे आणलं.

इथे वर्ध्याची मंडळी बसली आहेत, त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन या. आपण हे फोटो पडद्यावर मोठे करू, आणि कडेला उभं असलेलं कुणी ओळखू येतं का ते विचारू.