मुक्त संगणकप्रणाली आणि नवशिका

संगणकाच्या यंत्राला कामाला लावणारी जी मूळ व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ती मुक्त असावी, म्हणजे कोणालाही तिची संहिता वाचता, बदलता आणि दुसऱ्याला देता यावी, या हेतूने अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांना एकच शब्द असल्याने त्यांना वर्षानुवर्षे खुलासा करावा लागला. मराठीला ती अडचण नाही.

ग्नूची हत्यारे तयार झाली, पण व्यवस्थेचा गाभा तयार होईना. तो १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला. तोच लिनक्स. १९९२ साली त्याने तो स्टॉलमन यांच्याच परवान्याखाली खुला केला. मग ज्याला वाटेल त्याने गाभा आणि हत्यारे एकत्र बांधून आपले ‘वितरण’ काढावे, असे सुरू झाले. १९९३ साली स्लॅकवेअर व डेबियन निघाली आणि पुढे अशा वितरणांची रीघच लागली.

पण हे स्वातंत्र्य जाणत्यांपुरते होते. डिस्कचे विभाग पाडताना हात चुकला, तर असलेले कागदपत्रही जात. नवशिक्याला निवडीचा हक्क होता, पण निवडून पाहण्याची सोय नव्हती. ती सोय २००० साली जर्मनीतील नॉपिक्सने पुष्कळांपर्यंत नेली: तबकडी घालावी, प्रणाली चालवून पाहावी आणि तबकडी काढली की जुनी व्यवस्था जशीच्या तशी. २००४ साली डेबियनवर आधारलेली उबुंटू आली. २०११ पर्यंत तिच्या तबकड्या मागेल त्याला टपालाने विनामूल्य मिळत. २००६ साली उबुंटूवर आधारून मिंट निघाली. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर उभे राहावे, हे संहिता खुली होती म्हणूनच शक्य झाले.

तेव्हा ‘सर्वांत उत्तम कोणती?’ या प्रश्नात नवशिक्याने अडकू नये. आधी कागदपत्रांची प्रत वेगळी ठेवावी. मग पेनड्राइव्हवरून दोन-तीन प्रणाली चालवून पाहाव्यात. ध्वनी, वायफाय, छपाई आणि मराठी टंकलेखन नीट चालते का, ते तपासावे. आणि जिची माहिती असलेला माणूस आपल्या जवळपास आहे, तीच घ्यावी. न पटली तर बदलावी. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. जाणत्यांनी मिळवलेले स्वातंत्र्य सामान्याच्या हाती येते, ते अशा निर्धास्त निवडीतूनच.