पंक (नियतकालिक)

पंक हे अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरातून १९७६ ते १९७९ या काळात निघालेले स्वतंत्र संगीतविषयक नियतकालिक होते. व्यंगचित्रकार जॉन होल्मस्ट्रॉम, गेड डन आणि लेग्ज मॅकनील या तीन तरुण मित्रांनी ते सुरू केले. त्याचे अवघे पंधरा अंक प्रसिद्ध झाले. तथापि, बाउरी रस्त्यावरील सीबीजीबी या लहानशा क्लबाभोवती आकाराला येत असलेल्या संगीताला ‘पंक’ हे नाव कायमचे चिकटले, ते मुख्यत्वे या अंकांमुळे.

स्थापना

तिन्ही संस्थापक कनेक्टिकट राज्यातील चेशायर या गावचे. होल्मस्ट्रॉम यांचे शिक्षण न्यू यॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये झाले. ‘मॅड’चे पहिले संपादक हार्वी कर्टझमन आणि ज्येष्ठ चित्रकथाकार विल आयसनर हे तेथे त्यांचे शिक्षक होते. रॉक संगीत व चित्रकथा यांना एकाच अंकात आणण्याची होल्मस्ट्रॉम यांची कल्पना होती. त्यांनी आधी ‘टीनएज न्यूज’ हे नाव योजले होते. मॅकनील यांना ते पसंत पडले नाही आणि त्यांनी ‘पंक’ हे नाव सुचवले. होल्मस्ट्रॉम संपादक झाले, डन प्रकाशक. मॅकनील यांच्याकडे ठरावीक काम नसल्याने त्यांना ‘निवासी पंक’ असे गमतीचे पद देण्यात आले. अंकांतील खट्याळ वृत्ती पाहता हे पद अगदीच निरर्थक नव्हते.

स्वरूप

पहिला अंक जानेवारी १९७६ मध्ये निघाला. मुखपृष्ठावर गायक लू रीड यांचे होल्मस्ट्रॉम यांनी काढलेले व्यंगचित्र होते. रमोन्स या बँडचा कार्यक्रम ऐकण्यास सीबीजीबीत गेले असता रीड तेथे भेटले, आणि ती मुलाखतच अंकाचा मुख्य मजकूर ठरली. ती छापील खिळ्यांऐवजी हाताने लिहिलेल्या अक्षरांत, चित्रांसह, चित्रकथेसारखी मांडली होती. अंकातील बराच मजकूर याच पद्धतीने सजवला जाई. त्यामुळे पानांना जे रांगडे रूप आले, त्याची नक्कल पुढे असंख्य हौशी पत्रिकांनी केली.

छायाचित्रांतून सांगितलेल्या दीर्घ कथा हे पंकचे दुसरे वैशिष्ट्य. ‘द लेजंड ऑफ निक डेट्रॉइट’मध्ये गायक रिचर्ड हेल, तर ‘म्यूटंट मॉन्स्टर बीच पार्टी’मध्ये डेबी हॅरी व जोई रमोन यांनी नट म्हणून भूमिका केल्या. वार्तांकन करणारे आणि ज्यांचे वार्तांकन होई ते कलावंत यांच्यात येथे फारसे अंतर नव्हते. नियतकालिकाचे बळ त्यातच होते. रमोन्सच्या १९७६ मधील पहिल्या अल्बमवरील प्रसिद्ध छायाचित्र रॉबर्टा बेली यांनी मुळात पंकसाठीच टिपले होते. होल्मस्ट्रॉम यांनी पुढे याच बँडच्या ‘रोड टू रुइन’ (१९७८) या अल्बमचे मुखपृष्ठ चितारले.

नावाविषयीचा वाद

‘पंक रॉक’ ही संज्ञा या नियतकालिकाने घडवली, असे अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभीच अमेरिकी समीक्षक साठच्या दशकातील ओबडधोबड गॅरेज बँडांसाठी ती वापरत होते. लेनी के यांनी १९७२ च्या ‘नगेट्स’ या संकलनाच्या टिपणातही ती योजली आहे. पंकने केले ते एवढेच की, जुन्या ध्वनिमुद्रिकांविषयीचा समीक्षकांचा शब्द एका जिवंत, स्थानिक वर्तुळाला जोडला. त्या वर्तुळातील सर्वांनाच तो रुचला असे नाही: टेलिव्हिजन, टॉकिंग हेड्स व रमोन्स यांच्या संगीतात साम्य थोडेच होते.

अखेर व नंतरचा काळ

पैशाची चणचण आरंभापासून होती आणि १९७९ मध्ये प्रकाशन थांबले. मॅकनील यांनी जिलियन मॅकेन यांच्यासह ‘प्लीज किल मी’ (१९९६) हा त्या काळाचा मौखिक इतिहास संपादित केला. पहिल्या अंकापासून लिहिणाऱ्या मेरी हॅरन पुढे ‘अमेरिकन सायको’ (२०००) या चित्रपटाच्या दिग्दर्शिका झाल्या. नियतकालिकाची मूळ चित्रे व कागदपत्रे येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयाने जतनासाठी घेतली आहेत.