तळटीप : तुकड्यांची झोप

* दिवसा येथील कचेरीच्या आणि रात्री अमेरिकेच्या घड्याळाबरहुकूम वागणाऱ्या, बंगळूरच्या इंदिरानगरातील ज्या तरुणांचा उल्लेख लेखकाने येथे केला आहे, त्यांची अखंड निद्रा मोडून दर सहा तासांनी अर्धा तास पडण्याची तजवीज नवी नसून, बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी रचनाकाराच्या अशाच प्रयोगाची हकीकत ‘टाइम’ साप्ताहिकाने १९४३ मध्ये छापली होती. परंतु एक निद्राचक्रच सुमारे ९० मिनिटांचे असते आणि प्रौढास अहोरात्रात किमान सात तासांची झोप लागते, हे ध्यानी घेता, दोन तासांवर दिवस काढणाऱ्याने वेळ कमावला असे म्हणवत नाही. मेंदू बुडालेल्या झोपेची बाकी भर रस्त्यात, क्षणभराच्या डुलकीने, सक्तीने वसूल करतो. दुपारच्या वामकुक्षीची गोष्ट निराळी : चरकसंहितेने ग्रीष्मात दिवसा निजण्यास मुभा दिली आहे, आणि बंगळूरच्याच ‘वेकफिट’ या गाद्यांच्या कंपनीने २०२२ मध्ये नोकरवर्गास दुपारी २ ते २॥ अशी रीतसर सवलत जाहीर केली, मात्र ती रात्रीच्या झोपेस पूरक होय, पर्याय नव्हे. पहाटे शंभर फुटी रस्त्याने दुचाकीवरून घरी परतणाऱ्या वाचकांनी तुकड्यांच्या झोपेचा हा प्रयोग कृपा करून स्वतःवर करू नये. — संपादक