बेसन किती घट्ट?

गेल्या दिवाळीत कन्नडला घरी गेलो होतो तेव्हा हमस करायचा घाट घातला. आमच्या ऑफिसात सध्या निम्मी टीम प्रोटीन मोजत असते. डब्यात काय आणलंय यापेक्षा त्यात किती ग्रॅम, हा प्रश्न आधी येतो. हमस त्यात एकदम लाडका. मॉलमध्ये त्याची एवढीशी डबी मिळते आणि तिची किंमत बघून मी कधीच ठरवलं होतं की हे घरीच करायचं.

कृती तशी सोपी आहे. काबुली चणे रात्रभर भिजवायचे. सकाळी चिमूटभर खायचा सोडा घालून बोटाने सहज चिरडतील इतके शिजवायचे (सोड्याने सालं लवकर मऊ पडतात). तीळ हलके भाजून थोड्या तेलात त्यांची गुळगुळीत पेस्ट करायची. मग चणे, तिळाची पेस्ट, लसूण, लिंबू, मीठ आणि चणे शिजवलेलं थोडं पाणी असं सगळं मिक्सरमध्ये, अगदी लोण्यासारखं होईपर्यंत. आमच्या घरच्या मिक्सरने दोनदा मान टाकली, पण झालं एकदाचं.

वाटीत काढून, वरून तेलाची धार सोडून आजीपुढे ठेवलं. तिने बोटाने चाखलं.

"बेसनच की हे!"

"आजी, हे हमस आहे. अरबांचं."

"असंल. पन हरभऱ्याचंच ना? किती घातले एवढ्याला?"

"पाव किलो."

आजी जरा थांबली. मग म्हणाली, "बहात्तर साली पाव किलोत आमच्या आठ मान्सांचं दोन दिवसांचं कोरड्यास झालं असतं."

मी हिशोब केला. माणशी रोजचे सोळा ग्रॅमही भरत नाहीत. त्यानंतर हमस काही मला गोड लागेना. पण आजीच्या त्या 'बेसनच की'ने डोक्यात किडा सोडला तो सोडलाच. म्हणून हे लिहायला बसलोय.

पुण्याच्या मंडळींसाठी खुलासा: आमच्याकडे पिठल्याला सरळ बेसनच म्हणतात. पिठालाही बेसन आणि पदार्थालाही बेसन. गोंधळ होत नाही, कारण घरात एक असलं की दुसरं होतंच :)

आता हमस आणि पिठलं खरंच भाऊभाऊ आहेत का? धान्य तर एकच. हरभऱ्याचा जंगली पूर्वज आजही फक्त तुर्कस्तानच्या आग्नेय भागात सापडतो आणि सुमारे 10,000 वर्षांपूर्वी त्याच भागात माणसाने तो पेरायला घेतला. तिथून तो पश्चिमेला गेला, तसा पूर्वेलाही आला. भारतात येऊन त्याला किमान 4,000 वर्षं झाली. अरबीत हरभऱ्याचं नावच 'हमस' आहे. म्हणजे आपण पिठल्याला बेसन म्हणतो तसंच त्यांनी केलं, पदार्थाला धान्याचंच नाव दिलं.

फरक पडला तो दाण्यामुळे. त्यांच्याकडे मोठा, पांढरा, पातळ सालीचा चणा. तो शिजवून सालासकट वाटला तरी चालतो. आपला देशी हरभरा लहान, तपकिरी आणि जाड सालीचा. त्याचं साल काढून डाळ करावी लागते. एकदा डाळ केली की दळून पीठ करणं आलंच, आणि हे पीठ डब्यात टिकतं. हमसला रात्रभर भिजवण आणि तासभर जाळ लागतो. पिठल्याला दहा मिनिटं आणि चार काटक्या पुरतात. आमच्या भाषेत सांगायचं तर पिठलं म्हणजे आधीच कंपाइल करून ठेवलेलं हमस. अवघड काम जात्यावर उरकलेलं, चुलीपाशी फक्त रन करायचं.

बरं, या दोन जगांची गाठ आमच्याच परिसरात एकदा पडली होती. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी 1342 च्या सुमारास दौलताबादला आला होता. कन्नडहून निघालात तर वेरूळ, खुलताबाद करत तासाभरात दौलताबाद येतं. कैरो आणि दमास्कस त्याने त्याआधीच पाहिलेले. हरभऱ्याचा थंड लगदा सिरका, तेल, मसाले घालून खायची रीत तेराव्या-चौदाव्या शतकातल्या अरबी पाकपुस्तकांत नोंदलेली आहे. म्हणजे ज्या जगातून तो आला तिथे हरभरा पानात वाढला जात होता. आणि भारतातल्या हरभऱ्याबद्दल तो काय सांगतो? की इथे जनावरांना सातूऐवजी हरभरा भरडून, पाण्यात भिजवून खायला घालतात!

यात खोटं काही नव्हतं. मराठीत घोड्याच्या दाण्याला 'चंदी' असा खास शब्द आहे आणि चंदी म्हटलं की मुख्यतः हरभरा. घोड्याच्या तोंडाला बांधायचा तोबरा याच दाण्याने भरायचा. शिवाजी महाराजांनी 1670 च्या दशकात चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यातली काळजी हीच, की दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि मग तुम्ही रयतेला ओरबाडाल. लष्कराचा दाणा संपला की तो कुणाच्या घरातून येणार, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

म्हणजे हरभऱ्याची आपल्याकडे आधीपासून दोन गिऱ्हाइकं, घोडा आणि गरीब. पुरणपोळीच्या रूपात तो सणाला पानात आला खरा, पण पिठलं झालं की त्याचा मान गेला. घरात भाजी नाही, पाहुणा अवेळी आलाय, महिनाअखेर आहे, तर टाका पिठलं. माझी आई आजही जावयापुढे पिठलं ठेवणार नाही. तिकडे लेबनॉनने 2010 मध्ये तब्बल 10,452 किलो हमस एकाच ताटलीत करून विश्वविक्रम केला. आकडा असा का? तर लेबनॉनचं क्षेत्रफळ 10,452 चौरस किलोमीटर. हमस आमचं, इस्रायलचं नाही, हे जगाला ठणकावून सांगायचं होतं. तिकडे दोन देश एका वाटीवरून भांडतात आणि आपण तीच वाटी पाहुण्यापासून लपवतो.

असो. मुद्दा अभिमानाचा नाहीच, मुद्दा घट्टपणाचा आहे.

पिठल्यात पाणी किती, हे कुठल्याच पाकपुस्तकावर ठरत नाही, घरातल्या पिठावर ठरतं. मी एक साधा हिशोब मांडला. 100 ग्रॅम बेसनपिठात साधारण 22 ग्रॅम प्रोटीन असतं. पिठाइतकंच पाणी घेतलं तर झुणका होतो, त्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 11 ग्रॅम. तिप्पट पाण्याचं घट्ट पिठलं केलं तर साडेपाच. आठपट पाणी घातलं, म्हणजे ताटात ओतल्यावर भाकरीखालून पळेल असं, तर जेमतेम अडीच. मॉलमधल्या हमसच्या 100 ग्रॅममध्ये सात-आठ ग्रॅम असतं. म्हणजे आजोबा शेतात फडक्यात बांधून न्यायचे तो झुणका त्या डबीला सहज मागे टाकतो. पण आठपट पाण्याचं पिठलं म्हणजे हरभऱ्याच्या वासाचं पाणीच.

आणि आठपट पाण्याचे दिवस मराठवाड्याने पाहिलेत. 1970 पासून पाऊस हुलकावण्या देत होता, 1972 साली त्याने पार पाठ फिरवली. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. खडी फोडायची, रस्ते करायचे, पाझर तलाव खोदायचे. आजी त्यातलीच एक. परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर वर्ष निघालं. ती सांगते, "भाकर तरी मिळायची रे, पन कोरड्यास नव्हतं. डाळीचं पीठ चिमटीनं घ्यायचो. मिरची जास्त टाकायची, मग पातळ झालेलं कळत न्हाई."

ही युक्ती ऐकून मी गप्पच बसलो. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांनी आणली हे आपण शाळेत शिकतो. पण पीठ कमी पडलं की ती काय काम करते, हे कुठल्या धड्यात नव्हतं.

तुम्ही म्हणाल दुष्काळ संपला, प्रश्न संपला. तसं झालं नाही. केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीतले दरडोई डाळींच्या उपलब्धतेचे आकडे बघा. 1951 मध्ये माणशी रोज 60.7 ग्रॅम. 1971 मध्ये 51.2. 2001 मध्ये 30. पन्नास वर्षांत निम्मं! दुष्काळ ना जाहीर, ना कुठे बातमी. कारणही सरळ आहे. हरितक्रांतीत पाणी, खत, संशोधन आणि हमीची खरेदी मिळाली ती गहू-तांदळाला. पंजाब-हरियाणातला हरभरा गव्हाने हुसकला आणि तो मध्य प्रदेश, महाराष्ट्राच्या कोरडवाहू जमिनीकडे सरकला. माणसं वाढत गेली, डाळ त्या मानाने वाढली नाही. देशाची पोटं भरली हे खरंच, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण सरासरी भारतीय घराचं पिठलं या काळात पातळ होत गेलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मिरची जास्त होती बहुतेक.

पिठल्याला राजकारणात मान मिळाला तो 1995 मध्ये. युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. 1999 मध्ये सरकार बदललं आणि पुढे योजना गुंडाळली गेली. केंद्रांच्या मोक्याच्या जागांवरून वाद झाले, टिंगलही भरपूर झाली. पण मला त्यातली निवड महत्त्वाची वाटते. गरिबाला स्वस्त भात नाही, चहा-पाव नाही, तर झुणका आणि भाकर. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते हरभऱ्यात भरपूर. हरभऱ्यात मेथिओनिन कमी पडतं, ती उणीव ज्वारी बरीचशी भरून काढते. दोन्ही एकत्र खाल्ली की प्रोटीनचा दर्जा सुधारतो. हे लायसिन आमच्या आज्या-पणज्यांना माहीत नव्हतं, पण कोरड्या भाकरीवर खडी फोडता येत नाही हे पक्कं माहीत होतं.

गेल्या काही वर्षांत हरभरा पुन्हा सावरलाय. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेले विजय, दिग्विजय यांसारखे वाण कोरडवाहू रब्बीत तग धरतात. आमच्या भागात मका काढून झाला की बरेच जण हरभरा टाकतात. थंडीत पहाटे त्या शेतातून चाललं की पँट पायाला चिकटते, कारण पानांवर आंब असते, आंबट दव. पूर्वी बाया पिकावर फडकं फिरवून ते पिळून घ्यायच्या आणि पोटदुखीवर औषध म्हणून जपून ठेवायच्या. आजीकडे त्याची एक बाटली अजून आहे. लिंबाऐवजी हमसमध्ये घालून बघायचा मोह झाला होता, पण तिने बाटलीला हात लावू दिला नाही.

उरलेलं हमस रात्री भाकरीबरोबर सगळ्यांनी संपवलं. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली, आता मी करते. चुलीवर फोडणी, लसूण, मिरची, पाणी. पाण्याला उकळी आली तशी ती डब्यातून पीठ भुरभुरत गेली, एका हाताने ढवळत, गुठळी होऊ न देता. घरात पिठाचा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. तरी तिसऱ्या मुठीला तिचा हात थांबला आणि तिने झाकण लावलं.

"आजी, अजून घाल की. आहे भरपूर."

"पुरंल एवढं," ती म्हणाली. सवयीने.

मी डबा उघडला आणि आणखी दोन मुठी टाकल्या. गुठळ्या झाल्या, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पण बेसन घट्ट झालं. भाकरीवर घेतलं तर हललं नाही.