घोड्याच्या पाठीवरची मराठी

महालक्ष्मीच्या मैदानावर मी पोलोच्या घोड्यांची छायाचित्रे काढत होतो. कछारमध्ये मणिपुरींचा हा खेळ पाहून इंग्रजांनी १८५९ मध्ये सिलचरला क्लब काढला. ‘पोलो’ हा शब्द मात्र बाल्टी भाषेतला, अर्थ चेंडू.

मोतद्दाराला मी एकेका वस्तूचे नाव विचारले. जीन, लगाम, रिकीब, नाल. सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. शिवकाळात सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. हे शब्दही तिकडचेच. खोगीर तर ‘खोगीरभरती’ होऊन घराघरांत पोचले.

‘तुम्ही मुसलमान, मग कविता मराठीत कशी?’ असे मला अजून विचारतात. मराठ्यांच्या घोड्यांनी जे शब्द पाठीवर वाहिले, ते परके कसे आणि मी तरी परका कसा?