बाबांच्या पायाच्या मुंग्या

दिवाळीत लातूरला गेलो, तर बाबा तळपाय चोळत बसलेले. "मुंग्या येतात रे. शुगरचंच असणार." टेबलावर जांभळाच्या बियांची पावडर आणि नांदेडच्या मामांनी 'नसांसाठी' पाठवलेला गोळ्यांचा डबा. लेबल वाचलं. फॉलिक ॲसिड भरपूर, बी-12 चा पत्ताच नाही! पुण्याला परतलो आणि वीकेंडभर वाचत बसलो. बग शोधायची सवय, दुसरं काय.

गोष्ट सुरू होते मुंबईत. 1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर बायकांच्या ॲनिमियाचा अभ्यास करायला इथे आली. यीस्टच्या अर्काने त्यांचं रक्त भरून येतं, हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. 1945 पासून ते प्रयोगशाळेत तयार व्हायला लागलं आणि डॉक्टरांनी ते पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णांनाही देऊन पाहिलं. रक्त सुधारलं, पण नसा बिघडतच राहिल्या! कारण त्यांच्यात खरी कमतरता होती बी-12 ची, आणि ते हाती लागलं 1948 मध्ये.

आता आपल्या घरातली गोळी. 1957 साली फ्रान्सच्या ज्याँ स्टर्न यांनी मधुमेहावर मेटफॉर्मिनचा उपयोग जगापुढे मांडला. औषध उत्तम आणि स्वस्त. पण वर्षानुवर्षं घेतलं तर बी-12 नीट शोषलं जात नाही, हे 1971 मध्येच छापून आलं होतं. त्यात बी-12 मिळतं मांस, अंडी, दुधातून. भाकरी-वरणात ते नाहीच. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 441 पुरुष तपासले, तर 67 टक्के लोकांत बी-12 कमी. हा अभ्यास 2006 चा.

बाबा जन्माचे शाकाहारी, अकरा वर्षं मेटफॉर्मिनवर. तपासणी केली, बी-12 खूपच कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. मुंग्या कमी झाल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत. कारण काही नुकसान साखरेचंही असतं, आणि साखर आटोक्यात ठेवायला कुठलाच डबा पर्याय नाही.

तर सांगायचा मुद्दा हा, की घरी कुणी मेटफॉर्मिनवर असेल तर शुगरबरोबर बी-12 तपासायचं का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

असो. मामांना डब्याचं अजून सांगितलेलं नाही.