वेग, उष्णता आणि आवाज : ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरसाठी शांत हीटसिंक व पंखा निवडण्याचा इतिहास (इ. स. १९९८ ते २००९)

प्रस्तावना :
संगणकाचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांत लिहिला जातो. १९८१ च्या आयबीएम पीसीतील ४.७७ मेगाहर्ट्‌झपासून गिगाहर्ट्‌झपर्यंतचा प्रवास सर्वत्र वाचावयास मिळतो. मात्र या वेगातून निर्माण झालेली उष्णता कोठे गेली आणि ती बाहेर काढणाऱ्या पंख्याचा आवाज कोणी सहन केला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आयबीएम पीसीतील ८०८८ प्रोसेसरला हीटसिंकची गरज नव्हती. १९९३ च्या पेंटियममध्ये उष्णता १५ वॅटच्या आसपास पोहोचली आणि प्रोसेसरवरील पंखा ही नित्याची बाब झाली.

निर्मात्याने ठरविलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग होय. असे करणाऱ्या वापरकर्त्याला थंडाव्याची व्यवस्था स्वतःच निवडावी लागे. त्यामुळे वेगाची खरी किंमत प्रथम त्याच्याच लक्षात आली. प्रस्तुत लेखात या निवडीचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) ओव्हरक्लॉकिंग आणि उष्णता यांचा संबंध स्पष्ट करणे.
२) हीटसिंक व पंख्याच्या रचनेत झालेल्या बदलांची कारणमीमांसा करणे.
३) त्यातून सिद्ध झालेले निवडीचे निकष मांडणे.

१. वेगाचे आकर्षण आणि उष्णतेचे गणित
ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर बाजारात आणला. तो ६६ मेगाहर्ट्‌झच्या बसवर ४.५ या गुणकाने ३०० मेगाहर्ट्‌झ वेगाने चाले. बस १०० मेगाहर्ट्‌झ केली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झ वेग देई. अनेक पटींनी महाग असलेल्या पेंटियम २ चा वेग असा हाती येत असल्याने ओव्हरक्लॉकिंगचा छंद झपाट्याने पसरला.

परंतु हा वेग फुकट नव्हता. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या समप्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या समप्रमाणात वाढते. वेग दीडपट केल्यास उष्णता सुमारे दीडपट होते. स्थिरतेसाठी व्होल्टेज २.० वरून २.२ केल्यास ती मूळच्या सुमारे १.८ पट होते. म्हणजेच व्होल्टेजमधील अल्प वाढही हीटसिंकवर मोठा भार टाकते.

२. गोंगाटाचा काळ
२००१ मध्ये एएमडीच्या १.४ गिगाहर्ट्‌झ ॲथलॉनची उष्णता ७२ वॅटपर्यंत गेली. ती सुमारे १२० चौ. मि.मी. एवढ्या लहान, उघड्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढावयाची होती. त्याच वर्षी टॉम्स हार्डवेअरने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत हीटसिंक काढताच ॲथलॉन क्षणार्धात जळाला, तर पेंटियम ४ स्वतःचा वेग कमी करून वाचला. थंडाव्यातील हयगय किती महाग पडते, हे यातून दिसून आले.

यावर पहिला उपाय बळाचा होता. दाट पत्र्यांच्या हीटसिंकवर ६० मि.मी. व्यासाचा पंखा मिनिटाला सुमारे ७,००० फेऱ्यांनी फिरवला जाई. तापमान खाली येई, परंतु त्या खोलीत बसून वाचन वा लेखन करणे कठीण होई. या टप्प्यावर निवडीचा एकमेव निकष तापमान हाच होता आणि आवाज हा गौण दोष मानला जात असे.

३. आकाराची वेगावर मात
हा निकष बदलण्यात १९९९ मध्ये स्थापन झालेल्या झालमन या कोरियन कंपनीचा वाटा महत्त्वाचा आहे. तिने पातळ पत्रे फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे पसरवून त्यांवर ९२ मि.मी.चा संथ पंखा योजला. अशा रचनेमागे पंख्यांचा मूलभूत नियम आहे. समरूप पंख्याचा व्यास दुप्पट केल्यास तेवढीच हवा हलविण्यास एक-अष्टमांश फेरे पुरतात आणि आवाज सिद्धांततः सुमारे २४ डेसिबलने कमी होतो. मात्र हवेचा दाबही एक-षोडशांश उरतो. दाट पत्र्यांतून इतक्या क्षीण दाबाची हवा पुरेशी वाहत नाही. म्हणून केवळ पंखा बदलून भागत नाही, तर पत्र्यांमधील अंतरही वाढवावे लागते. हीटसिंक आणि पंखा यांची निवड एकत्रितपणे का करावी लागते, याचे उत्तर येथे मिळते.

आता अडचण वजनाची आली. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता अधिक चांगली वाहते. पण त्याची घनता तिपटीहून अधिक आहे. २००३ च्या झालमन ७००० मालिकेतील संपूर्ण तांब्याच्या हीटसिंकचे वजन ७७३ ग्रॅम होते. पेंटियम ४ साठी इंटेलची शिफारस मात्र ४५० ग्रॅमपर्यंतचीच होती. तांबे व ॲल्युमिनियम यांची मिश्र आवृत्ती ४४५ ग्रॅमची होती, हा योगायोग नव्हे.

४. हीट पाइप आणि मनोऱ्याची रचना
वजनाच्या कोंडीतून वाट काढली ती हीट पाइपने. १९६३ मध्ये लॉस ॲलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी विकसित केलेल्या या बंद नळीत द्रव उष्ण टोकाला वाफ होतो, थंड टोकाला पुन्हा द्रव होतो आणि सच्छिद्र अस्तरातून परततो. भरीव तांब्यापेक्षा कितीतरी अधिक उष्णता ही हलकी नळी वाहून नेते. २००४ च्या थर्मलराइट एक्सपी-१२० वर १२० मि.मी.चा पंखा बसत असे. तो खरेदीदाराने स्वतंत्रपणे निवडावयाचा होता. २००५ च्या जपानी साइथ निंजाने मनोऱ्याची रचना आणि पत्र्यांमधील मोकळे अंतर यांचा मेळ घातला. त्याच वर्षी ऑस्ट्रियात स्थापन झालेल्या नॉक्टुआने २००९ मध्ये दोन मनोरे व सहा हीट पाइप असलेला एनएच-डी१४ सादर केला.

५. प्रेस्कॉटचा धडा
याच सुमारास निर्मात्यांनाही उष्णतेची मर्यादा जाणवली. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेला ९० नॅनोमीटरचा प्रेस्कॉट पेंटियम ४ शंभर वॅटच्या पुढे गेला. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झ पेंटियम ४ ची योजना रद्द केली. जुलै २००६ मधील कोअर २ ड्युओने कमी वारंवारता आणि ६५ वॅटची मर्यादा ठेवूनही अधिक कार्यक्षमता दिली.

६. निवडीचे निकष
या इतिहासातून पुढील निकष हाती येतात.
१) उष्णतेचा हिशेब मूळ वेगावर न करता वाढविलेल्या वेगावर व व्होल्टेजवर करावा.
२) उष्णतारोध पाहावा. दर वॅटला ०.२ अंश रोध असल्यास १०० वॅटला हीटसिंकचे तापमान खोलीपेक्षा २० अंशांनी वाढते. खोली २५ अंशांची असल्यास ते ४५ अंश, तर विदर्भातील उन्हाळ्यात ४० अंशांच्या खोलीत ६० अंश होईल. हवेचा कोणताही हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही.
३) कॅबिनेटमध्ये मावेल तेवढा मोठा, मोकळ्या पत्र्यांचा हीटसिंक आणि १२० मि.मी. वा त्याहून मोठा संथ पंखा घ्यावा.
४) वजन व मदरबोर्डवरील पकड तपासावी.
५) डेसिबलचे आकडे समान अंतरावरून मोजलेले असतील तरच त्यांची तुलना करावी.

निष्कर्ष :
१९९८ ते २००९ या काळात ‘प्रोसेसर किती थंड राहतो?’ या प्रश्नाची जागा ‘किती आवाजात तो पुरेसा थंड राहतो?’ या प्रश्नाने घेतली. फेऱ्यांचे काम पृष्ठभागाने केले आणि बळाची जागा रचनेने घेतली. हा प्रश्न आजही संपलेला नाही. २००८ पासून टर्बो बूस्टसारख्या तंत्राने प्रोसेसर तापमान व शक्तीची मर्यादा पाहून स्वतःच वेग वाढवू लागले आणि २०२२ च्या कोअर आय९-१३९००के ची कमाल शक्ती २५३ वॅट आहे. वेगाचा आकडा जाहिरातीत छापला जातो, पण त्यासोबत येणारी उष्णता व गोंगाट वापरकर्त्याच्या खोलीत राहतो. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना या दुसऱ्या बाजूचीही नोंद होणे आवश्यक आहे.